भातुकलीतला लिलाव

२०१९च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातल्या माँटेरेला एक गाडी लिलावाला उभी होती. चंदेरी पत्रा, चाकंसुद्धा झाकलेली, पाण्यातून नुकत्याच वर आलेल्या माशासारखी. बर्लिन ते रोम अशा एका शर्यतीसाठी फर्डिनांड पोर्शे यांच्या चमूने १९३९मध्ये अशा तीन गाड्या बांधायला घेतल्या. महायुद्ध पेटलं, शर्यत झालीच नाही, आणि तिघींपैकी ही एकटी उरली. अंदाज होता दोन कोटी डॉलरच्या आसपास. लिलाव पुकारणाऱ्याने बोली उघडली तेरा दशलक्षांवर, म्हणजे एक कोटी तीस लाखांवर. मागच्या पडद्यावर उमटलं तीस. इंग्रजीतल्या 'थर्टीन' आणि 'थर्टी'मध्ये शेपटाएवढाच फरक. चौदाचे चाळीस झाले, पंधराचे पन्नास झाले, आणि सतरा म्हणेपर्यंत पडद्यावर सत्तर झळकत होते. लोक उभे राहिले, मोबाइल वर गेले, टाळ्या पडल्या. मग दुरुस्ती आली: सत्तर नव्हे, सतरा. सभागृहात हुर्यो उडाली. गाडी त्या रात्री विकलीच गेली नाही.

या प्रसंगातली चूक मला फारशी महत्त्वाची वाटत नाही. ऐकण्यात गफलत कुणाचीही होते. मला टाळ्या महत्त्वाच्या वाटतात. त्या सभागृहात काही माझ्यासारखे हौशे-गवसे बसले नव्हते. जुन्या गाड्यांचा लिलावातला विक्रम त्या दिवशी ४ कोटी ८४ लाख डॉलर होता, तोही वर्षभरापूर्वी त्याच गावात झालेला. दोन कोटींचा अंदाज असलेली गाडी मिनिट-दोन मिनिटांत सात कोटींवर कशी जाईल, हा प्रश्न पडायला हवा होता. पण आकडा पडद्यावर आला आणि तो खरा ठरला. सतरा आणि सत्तरमधले जे ५ कोटी ३० लाख डॉलर कुणाच्याच खिशात नव्हते, त्यांच्यासाठी लोकांनी टाळ्या वाजवल्या.

गेली काही वर्षं आम्ही सात जण जुन्या गाड्यांचा खोटा लिलाव खेळतो. पुण्याचे तिघे, ठाण्याचे दोघे, एक न्यू जर्सीत, एक श्टुटगार्टजवळ नोकरीला. अमेरिकेत आणि युरोपात हौशी मंडळी असले खेळ कधीपासून खेळतात, आम्ही काही शोध लावलेला नाही. जानेवारीत ॲरिझोना आणि फ्लोरिडाचे लिलाव असतात, ऑगस्टमध्ये माँटेरेचा. त्यांचे कॅटलॉग आधीच सगळ्यांना पाहता येतात: फोटो, चासी नंबर, आधीचे मालक, कोणत्या साली कुणी इंजिन उघडलं त्याच्या पावत्या. आम्ही त्यातले वीस लॉट, म्हणजे लिलावाला निघालेल्या वीस गाड्या, निवडतो. प्रत्येकाला शंभर कवड्या. एक कवडी म्हणजे एक लाख डॉलर, हे आपलं मानायचं. आळीपाळीने एक जण पुकारणारा होतो, आणि 'एक वार, दोन वार, तीन वार' म्हटलं की लॉट सुटला. नंतर खरा लिलाव होतो, आणि आपण कुठे शहाणे ठरलो, कुठे वेडे, याच्यावर आठवडाभर काथ्याकूट चालतो.

घरच्यांना हे समजावून सांगताना पंचाईत होते. मुळात आपल्याकडे 'लिलाव' या शब्दाला जप्तीचा वास आहे. घरावर लिलाव निघणं ही शिवी नसली तरी शिवीच्या शेजारची गोष्ट. दुसरा लिलाव आपल्याला माहीत असतो तो जत्रेतल्या मानाच्या नारळाचा, तिसरा भिशीतला, चौथा बाजार समितीतला. हे सगळे खऱ्या पैशाचे. मग जिथे गाडी आपली नाही, पैसे आपले नाहीत आणि घेणारेही आपण नाही, तिथे रात्री साडेअकरा वाजता एखाद्याने 'बेचाळीस!' म्हणून ओरडावं याला काय म्हणायचं? आमच्या आईचा शब्द आहे भातुकली. मला तो आवडतो. त्याच अर्थाने मी या खेळाची बाजू मांडणार आहे, आणि ती तीन अटींसह: पैसे खोटे हवेत, मर्यादा खरी हवी, आणि खऱ्या लिलावात हातोडा कुठे पडला, म्हणजे गाडी कितीच्या बोलीला सुटली, हे खेळाचं बरोबर उत्तर मानू नये. या तीनपैकी एक जरी गोष्ट सुटली, तर हा खेळ खेळण्यासारखा राहत नाही.

पहिला आक्षेप सगळ्यांना सुचतो तोच आहे. खोटे पैसे लावताना कुणाचं काय जातं? हलवायाच्या घरावर तुळशीपत्र. हा आक्षेप पोकळ नाही. १९८९मध्ये अलास्काच्या किनाऱ्यावर एक्सॉन वाल्डेझ हे तेलवाहू जहाज फुटलं, तेव्हा त्या किनाऱ्याची किंमत कशी करायची हा प्रश्न उभा राहिला. जो किनारा कुणी विकत नाही आणि घेत नाही त्याचा भाव कुठून आणणार? एक मार्ग होता लोकांना विचारण्याचा: हे पुन्हा होऊ नये म्हणून तुम्ही किती डॉलर द्याल? या मार्गावर अमेरिकी सरकारने नेमलेल्या समितीचा अहवाल १९९३मध्ये आला. केनेथ ॲरो आणि रॉबर्ट सोलो हे दोन नोबेलविजेते अर्थशास्त्रज्ञ तिच्या प्रमुखपदी होते. खिशाला हात न लावता दिलेली उत्तरं फुगलेली असतात, हे त्यांनी नोंदवलं. पण विचारणंच बंद करा, असं ते म्हणाले नाहीत. विचारताना माणसाला त्याच्या मिळकतीची आणि त्याच पैशात मिळू शकणाऱ्या इतर गोष्टींची आठवण करून द्या, असं म्हणाले.

आमच्या शंभर कवड्या हेच करतात. पहिल्या मोसमात आम्ही मर्यादा ठेवली नव्हती, आणि तो खेळ खरोखरच बाष्कळ झाला. प्रत्येकाने प्रत्येक फेरारीवर बोली लावली, आकडे आभाळाला भिडले, तिसऱ्या लॉटनंतर कंटाळा आला. दुसऱ्या मोसमात कवड्या आल्या आणि माणसं बदलली. तेराव्या लॉटला लान्चिया हवी असेल तर चौथ्या लॉटची जॅग्वार सोडावी लागते. सोडणं आलं की विचार आला. लहानपणी 'व्यापार' खेळताना ज्याने सुरुवातीलाच मुंबई-दिल्ली घेऊन टाकली त्याची पुढे काय दशा व्हायची, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. त्या कागदी नोटांनी कुणी बिघडलं नाही. नोटा संपतात हे मात्र कळलं.

शिवाय खोट्या लिलावात हिशेबाची बारीक अक्षरं वाचायला वेळ असतो. २०१८चा तो ४ कोटी ८४ लाखांचा विक्रम घ्या. १९६२ची फेरारी २५० जीटीओ. या जातीच्या एकूण छत्तीसच गाड्या बनल्या. वर्तमानपत्रांनी किंमत छापली ४ कोटी ८४ लाख. हातोडा मात्र ४ कोटी ४० लाखांवर पडला होता. वरचे ४४ लाख आणि काही हजार डॉलर हे लिलाव करणाऱ्या कंपनीने घेणाऱ्याकडून घेतलेलं कमिशन. त्या वेळच्या दराने तीस कोटी रुपयांच्या आसपास, नुसती दलाली. आमच्या खेळात नवखा माणूस हटकून इथे फसतो: सगळ्या कवड्या बोलीत घालवतो आणि वरचे दहा-बारा टक्के द्यायला हातात काही उरत नाही. असं झालं की लॉट रद्द, वर दोन कवड्या दंड. लासलगावला कांदा विकणाऱ्या शेतकऱ्याला पुकारलेला भाव आणि पदरात पडलेला भाव यांतला फरक शिकवावा लागत नाही. आपल्यासारख्या पगारदारांना लागतो.

आता जरा थांबून एका गोष्टीबद्दल बोलतो. मला तरी ती या खेळाखेरीज कधी कळली नसती. चढत्या बोलीच्या लिलावात किंमत कोण ठरवतो? आपण म्हणतो, जिंकणारा. प्रत्यक्षात ठरवतो हरणारा. जिंकणाऱ्याच्या मनात ऐंशी कवड्या असतील, पण दुसरा माणूस एकेचाळीसला थांबला, तर गाडी बेचाळीसला सुटते. पहिल्याच्या मनातले ऐंशी कुणाला कधीच कळत नाहीत. ५ मे २०२२ रोजी श्टुटगार्टच्या मर्सिडीज संग्रहालयात १९५५ची ३०० एसएलआर उलेनहाउट कूपे विकली गेली, १३ कोटी ५० लाख युरोला. अशा दोनच गाड्या, दोन्ही तोवर कंपनीच्याच ताब्यात; एक विकून आलेला पैसा शिष्यवृत्त्यांसाठी ठेवला. निवडक लोकांनाच निमंत्रण होतं. जगातली सर्वांत महाग गाडी म्हणून तिचं नाव झालं. पण तो आकडा उभा आहे तो शेवटपर्यंत टिकलेल्या दुसऱ्या कुणाच्या तरी जिद्दीवर. त्या दिवशी त्या माणसाला ताप आला असता तर? गाडी तीच, पत्रा तोच, इतिहास तोच, आणि आकडा भलताच.

विल्यम विक्री या अर्थशास्त्रज्ञाने १९६१मध्ये याची गणिती मांडणी केली: सगळ्यांनी बंद पाकिटात बोली द्यावी, सर्वांत मोठी बोली जिंकावी, पण पैसे दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीइतके भरावेत. मग खोटं बोलण्यात फायदा उरत नाही. (विक्री हे आडनाव आणि विषय लिलाव. मराठी माणसालाच हा विनोद कळावा.) पुढे १९९६मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पण गंमत अशी की पोस्टाची तिकिटं जमवणाऱ्या अमेरिकी हौशी मंडळींनी टपालाने चालणाऱ्या आपल्या लिलावांत हीच पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच वापरली होती. त्यांना सिद्धान्त मांडायचा नव्हता, गावाबाहेरच्या गिऱ्हाइकालाही न्याय द्यायचा होता. रिकामटेकड्यांच्या खेळांना नाक मुरडताना हे आठवावं.

आणि जिंकणारा? त्याची गत आणखी वेगळी. १९७१मध्ये एका तेल कंपनीच्या तीन अभियंत्यांनी लिहून ठेवलं की मेक्सिकोच्या आखातातले तेलाचे पट्टे लिलावात जिंकणाऱ्या कंपन्यांच्या हाती अपेक्षेपेक्षा कमी लागतं. कारण साधं आहे: खाली किती तेल आहे याचा प्रत्येकाचा अंदाज थोडा चुकतो, आणि ज्याचा अंदाज सर्वांत जास्त फुगलेला तोच जिंकतो. आमच्या वहीत हे दर मोसमाला दिसतं. 'जिंकलो रे' म्हणून पेढे मागणारा माणूस बहुधा त्या लॉटपुरता सर्वांत जास्त चुकलेला असतो. कवड्यांनी हे शिकायला मिळालं तर बरं. घराच्या कर्जाने शिकणारेही आहेत.

इथवर मी वकिली केली. आता ज्या गोष्टीची मला खरी भीती वाटते तिच्याकडे येतो. ती भीती जुगाराची नाही.

आमच्यात एक काका आहेत. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात फिटर होते, आता ठाण्यात असतात. फोटो मोठा करून दरवाज्याच्या खालच्या कडेला बोट ठेवतात आणि म्हणतात, "इथे पुटी मारलीय बघ. पत्रा मूळचा नाही." दहात नऊ वेळा त्यांचं बरोबर असतं. एका पावसाळ्यात नवीन कॅटलॉग नव्हते म्हणून आम्ही जुने लिलाव काढून खेळलो. त्यात २०१५चा पॅरिसचा एक लॉट होता: फ्रान्समधल्या एका शेतघराच्या आवारात वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या गाड्यांमधली फेरारी कॅलिफोर्निया स्पायडर. सापडली तेव्हा तिच्या अंगावर जुन्या कागदांचे गठ्ठे होते. कधीकाळी ती ॲलँ दलाँ या नटाकडे होती. काकांना हे माहीत नव्हतं. त्यांनी रबर पाहिलं, चामडं पाहिलं, वायरिंगचा अंदाज घेतला आणि गाडी पुन्हा रस्त्यावर आणायचा खर्च वजा करून बोली लावली. प्रत्यक्षात ती गेली होती १ कोटी ६३ लाख युरोला. धुळीसकट. धूळ पुसू नका, असं घेणाऱ्यांनाच वाटत होतं, कारण धुळीतच गोष्ट होती. आमच्या तेव्हाच्या नियमाप्रमाणे, जो खऱ्या किमतीच्या सर्वांत जवळ तो पहिला. काका शेवटचे आले. पहिला आला तो न्यू जर्सीचा, ज्याला स्पार्क प्लग कुठे असतो हे विचारलं तर तो गूगल करील. त्याला गाडी कळत नव्हती. गाड्या घेणारी माणसं कळत होती.

त्या रात्री मला हा खेळ पहिल्यांदा खटकला. केन्स या अर्थशास्त्रज्ञाने १९३६मध्ये शेअर बाजाराची तुलना वर्तमानपत्रातल्या एका स्पर्धेशी केली होती. शंभर चेहऱ्यांतून सुंदर सहा निवडायचे, पण बक्षीस त्याला, ज्याची निवड बहुतेकांच्या निवडीशी जुळेल. मग शहाणा माणूस सुंदर चेहरा शोधतच नाही. इतरांना कोणता सुंदर वाटेल हे शोधतो, आणि इतरही तेच करत असतात. हातोड्याची किंमत ओळखण्याचा खेळ हा त्याच जातीचा. तो माणसाला गाडीकडे पाहायला शिकवत नाही, पडद्याकडे पाहायला शिकवतो. म्हणजे माँटेरेच्या त्या टाळ्यांची ही तालीमच झाली.

आणि पडदा किती भरवशाचा? ज्या जीटीओची जात आज पाच कोटी डॉलरच्या आसपास जाते, तिच्यातलीच एक गाडी साठच्या दशकात टेक्सासमधल्या एका हायस्कूलला दान मिळाली होती. मुलं तिच्यावर मोटार दुरुस्ती शिकत. १९७२मध्ये शाळेने ती ६,५०० डॉलरला विकली, आणि पुढे कित्येक वर्षं ती ओहायोमध्ये उघड्या शेतात ट्रेलरवर उभी होती. त्या मुख्याध्यापकांना मूर्ख म्हणायचा मोह होतो. मला वाटतं, त्या गाडीचा सगळ्यात चांगला उपयोग त्याच वर्षांत झाला.

तेव्हापासून आम्ही नियम बदलला. आता गुण मिळतात ते शोधून काढल्याबद्दल: इंजिन मूळचं नाही हे दाखवलं, मालकांच्या यादीतली दहा वर्षांची फट दाखवली, फोटोत न दाखवलेली बाजू कोणती ते सांगितलं. बोली लावायचीच, पण बोलीचं कारण लिहून द्यायचं. खऱ्या किमतीशी तुलना शेवटी, करमणूक म्हणून. न्यू जर्सीवाला कुरकुरला, म्हणाला, "अरे, मग हा लिलाव कसला, हा तर पंचनामा झाला." झाला तर झाला.

राहिला पैशाचा प्रश्न, आणि इथे माझं मत अनुभवाने कडक झालेलं आहे. काही वर्षांपूर्वी एका मोसमात आम्ही प्रत्येकी पाचशे रुपये लावले होते. जिंकेल त्याला साडेतीन हजार. रक्कम हसण्यासारखी, सात जणांच्या एका जेवणाएवढीसुद्धा नाही. पण दुसऱ्याच आठवड्यात आमच्यातलं बोलणं आटलं. एका मस्टँगच्या चासीवर जोड असल्याचं काकांना दिसलं होतं. ते गप्प राहिले. नंतर विचारलं तेव्हा प्रामाणिकपणे म्हणाले, "बोललो असतो तर तुम्ही सगळे थांबला असतात. मग माझा काय फायदा?" जे काका आम्हाला पत्रा वाचायला शिकवत होते तेच साडेतीन हजारांसाठी मुके झाले, आणि मी त्यांना दोष देऊ शकलो नाही, कारण मीही एका पोर्शच्या पावत्यांमधली गफलत पोटात ठेवली होती. खऱ्या बाजारात हेच चालतं. ज्याला कळतं तो बोलत नाही. म्हणूनच अमेरिकेतल्या ऑनलाइन गाडीविक्रीत जे लोक एक डॉलरही लावणार नसतात, तेच पुष्कळदा विक्रेत्याला अडचणीचे प्रश्न विचारतात. हितसंबंध नसलेला डोळा ही बाजारातली दुर्मीळ चीज आहे. त्या डोळ्यासमोर बक्षीस टांगून त्याला आंधळा करू नये.

आपल्या कायद्याचा प्रवासही इथून जवळून गेला आहे. चाळीस-पन्नासच्या दशकांत मुंबई इलाख्यात शब्दकोड्यांच्या बक्षीस स्पर्धांचं वेड होतं. आर. एम. डी. चमारबागवाला यांची शब्दकोडी बेंगळुरूच्या एका साप्ताहिकातून छापून इथे यायची. प्रवेश फी भरायची, आणि आधीच बंद करून ठेवलेल्या उत्तराशी आपलं उत्तर जुळलं तर बक्षीस. मुंबई सरकारने कर लावला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि १९५७मध्ये न्यायालयाने सांगितलं की जुगार हा राज्यघटनेने संरक्षण द्यावं असा व्यापार नव्हे. मात्र ज्या स्पर्धेत खरोखर कौशल्य लागतं ती वेगळी. कौशल्य की नशीब, ही रेघ तेव्हापासून पुढे साठ-सत्तर वर्षं रमीपासून फँटसी क्रिकेटपर्यंत सगळ्यांनी आपल्या सोयीने ओढली. २०२५च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन खेळांचा नवा कायदा केला आणि ती रेघच पुसली. आता प्रश्न कौशल्याचा नाही. पैसे किंवा पैशाने घेतलेली टोकनं लावून, जास्त मिळवण्याच्या आशेने खेळला जाणारा ऑनलाइन खेळ म्हणजे पैशाचा खेळ. तो चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. ज्यात काही लावायचं नसतं असे करमणुकीचे किंवा कौशल्याचे खेळ त्याच्या बाहेर आहेत.

या कायद्याला कोर्टात आव्हान दिलं गेलं, आणि त्यावर टीका करायला जागा आहे. सरसकट बंदीने लोक परदेशी ॲपकडे वळतात, हा मुद्दा मला पटतो. पण रेघ कुठे ओढावी एवढ्यापुरता हा कायदा बरोबर आहे, असं माझं मत आहे, आणि ते मत नीतिमत्तेतून आलेलं नाही. कौशल्य आहे म्हणून जुगार नाही, हा युक्तिवाद मला कधीच पटला नव्हता. आमच्या काकांचं कौशल्य वादातीत आहे. पाचशे रुपयांनी ते गेलं कुठे नाही. फक्त आम्हाला मिळायचं थांबलं. हातोड्याची किंमत ओळखा आणि जिंका, अशी प्रवेश फी घेणारी स्पर्धा उद्या कुणी काढली, तर ती बंद पाकिटातल्या शब्दकोड्याचीच नात असेल, कितीही चकचकीत ॲपमध्ये बसवली तरी. दुसरीकडे, खोट्या बोलीच्या नावानेच नाक मुरडणाऱ्यांनाही तेवढ्याच ठामपणे सांगावंसं वाटतं की इंजिनिअरिंग कॉलेजांतली मुलं आयपीएलचा खोटा लिलाव खेळतात तेव्हा ती जुगार शिकत नसतात. शंभर कोटींत अकरा माणसं कशी बसवायची, कुणाला सोडायचं, यावर तीन तास भांडत असतात. भांडू द्यावं. बक्षीस म्हणून वडापाव द्यावा.

गेल्या मोसमात काकांनी एक लॉट स्वतःहून घातला: १९८४ची प्रीमियर पद्मिनी, खासगी, स्टेअरिंगवर गिअर, पुढे सलग सीट. त्यांची स्वतःचीच, सोसायटीच्या आवारात ताडपत्रीखाली असलेली. मुंबईतल्या शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत २०२३च्या ऑक्टोबरअखेर संपली, तेव्हा 'एक तरी जपून ठेवा' अशी मागणी झाली होती. काका तेव्हा काही बोलले नव्हते. नियमाप्रमाणे गाडी पन्नास वर्षांची झाली की 'विंटेज' म्हणून नोंदवता येते, वीस हजार फी भरून, 'व्हीए' अक्षरांची वेगळी पाटी मिळते. काकांच्या गाडीला त्यासाठी २०३४ उजाडावं लागेल. मी यादी बनवत होतो. विचारलं, "काका, अंदाज किती लिहू?"

"रिकामं ठेव."

बोली सुरू झाली आणि कुणाला काही सुचेना. ना आधीचा विक्रम, ना कॅटलॉग, ना पडदा. मी दोनचा विचार केला आणि लाज वाटून गप्प बसलो. अखेर न्यू जर्सीवाल्याने एकदम चाळीस कवड्या लावल्या. चाळीस लाख डॉलर, पद्मिनीला. बोलीचं कारण लिहायचं असतं, म्हणून त्याने लिहिलं की माटुंग्याहून शाळेच्या सहलीला तो अशाच गाडीच्या मागच्या सीटवर चौथा बसून गेला होता. काकांनी बोली नाकारली. म्हणाले, "ते गाडीत बसत नाही. गाडीबद्दल काही लिही." त्याला लिहिता येईना. लॉट न विकता मागे गेला.

येत्या ऑगस्टच्या यादीत ती पुन्हा आहे. अंदाजाचा रकाना रिकामाच आहे. काकांनी या वेळी खाली एक ओळ जोडली आहे: इंजिन पाहायचं असेल त्याने रविवारी सकाळी यावं, येताना कार्ब्युरेटरचं गास्केट मिळालं तर घेऊन यावं.